ब्लोअर रात्री बंद करू नका : पुण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी मेंबर यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी तुमच्या इमारतींच्या खाली काम करतो. बावधन, पाषाण, बाणेर, सूस या पट्ट्यातल्या सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, चालवणं हाच गेली चौदा वर्षं माझा धंदा आहे. आधी ऑपरेटर होतो, आता चार पोरं हाताशी आहेत आणि नऊ सोसायट्यांचं काम बघतो. गाडी लावून लिफ्टकडे जाताना बेसमेंटच्या कोपऱ्यात एक लोखंडी दार दिसतं आणि आतून घरघर ऐकू येते, ती आमची जागा.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या मीटिंगला मला बोलावलं होतं. नाव लिहीत नाही, कारण असं करणारी ती एकटी नाही. विषय लाइट बिलाचा होता. ब्लोअरला, म्हणजे प्लांटच्या टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राला, टायमर लावायचा, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा, असं ठरलं. मी उभा राहून सांगायला गेलो, की साहेब, त्या टाकीत जिवंत जीव आहेत. एक सभासद म्हणाले, "आठ तासांनी असं काय बिघडतं?" पुढचा विषय पार्किंगचा होता, सगळ्यांना घाई होती, माझं बोलणं राहून गेलं. तेच आता सगळ्यांसमोर मांडतो.

आठ तासांनी काय बिघडतं ते डोळ्यांनी बघता येतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एअरेशन टँकमधलं, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. प्लांट तब्येतीत असेल तर सुरुवातीला ते दुधाच्या चहासारखं तपकिरी असतं. चार-पाच मिनिटांत त्यात कापसाच्या बोळ्यांसारखे पुंजके दिसायला लागतात आणि सावकाश खाली उतरतात. अर्ध्या तासाने तळाशी तीनशे-साडेतीनशे मिलिलिटर गाळ आणि वर इतकं निवळ पाणी, की सिलिंडरच्या मागे धरलेलं बोट दिसतं. वास येतो तो ओल्या मातीचा. ते पुंजके म्हणजे जिवाणू. तुमच्या मोरीतून, बाथरूममधून, संडासातून जे खाली येतं ते त्यांचं जेवण. ते पचवायला त्यांना हवा लागते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास राहावा, एवढ्यासाठीच तो ब्लोअर रात्रंदिवस घरघरत असतो.

ब्लोअर थांबला की तो ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. पुंजके तळाला जाऊन बसतात, आपलं चांगलं कामाचं जिवाणूदल गुदमरायला लागतं आणि हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू माजतात. सकाळी सहाला टायमर ब्लोअर चालू करतो तेव्हा टाकीतून कुजक्या अंड्यांचा भपकारा वर येतो. नेमक्या त्याच वेळी तीनशे घरांत आंघोळी, कपडे, भांडी सुरू होतात. सांडपाण्याचा दिवसातला सगळ्यात मोठा लोंढा सकाळी सहा ते दहा. रात्रभर उपाशी गुदमरलेल्यांच्या डोक्यावर सगळ्यात जड ओझं. पंधरा दिवस असं चाललं की सिलिंडरमधलं पाणी काळपट होतं आणि गाळ बसायचं नाव घेत नाही. मग शेण कालवून किंवा दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. थोडा थोडा वेळ हवा थांबवून चालणारे प्लांट असतात, नाही असं नाही. पण त्यांची आखणीच तशी केलेली असते. तुमच्या प्लांटला आठ तासांचा टायमर म्हणजे त्याचा गळा दाबणं आहे.

या दोन-तीन आठवड्यांतलं पाणी जातं कुठे? आमच्या पट्ट्यात बहुतेक वेळा ओढ्यात. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली, इमारती त्याच्या आधीच उभ्या होत्या, आणि ड्रेनेजची लाइन अजून सगळीकडे पोचलेली नाही. रात्री बायपासचा व्हॉल्व्ह फिरवला की सांडपाणी शुद्ध न होता थेट बाहेर, काम झालं. ओढ्यातून रामनदी, रामनदीतून मुळा, संगमावर मुळा-मुठा, पुढे दौंड तालुक्यात भीमा, आणि भीमेतून उजनी.

उजनी हे माझ्यासाठी नुसतं धरणाचं नाव नाही. माझं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला आहे. आमचे आजोबा सांगायचे की जुनं गाव पाण्याखाली गेलं, त्या बदल्यात पाणी मिळालं. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लहानपणी आम्ही ते बघायला जायचो. तेव्हा काठावर ओंजळीने पाणी प्यायलोय मी. आता गावाकडे गेलो की थोरला भाऊ पोरांना पाण्यात उतरू देत नाही, अंगाला खाज सुटते म्हणून. उन्हाळ्यात काठाचं पाणी हिरवंगार होतं. जाळ्यात चिलापीशिवाय फारसं काही लागत नाही, असं मासेमारी करणारे नातेवाईक सांगतात. ११७ टीएमसीचं हे धरण सोलापूर शहराला प्यायला पाणी देतं. दोन शहरांची आणि औद्योगिक वसाहतींची घाण त्यात उतरते, त्यात माझ्या नऊ सोसायट्यांचा वाटा थेंबाएवढा असेल. पण तो थेंब माझ्या हातातून जातो. म्हणून रात्री बायपास उघडायला सांगतात तेव्हा माझा हात चालत नाही.

आता कायद्याचं. कमिटीत नेहमी ऐकतो की प्रदूषणाचे कायदे कारखान्यांना, आपण तर घरं आहोत. मी कायद्याचा विद्यार्थी नाही, पण माझ्या पोटाशी निगडित आहेत तेवढी कलमं मी वाचून ठेवली आहेत.

महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाचा कायदा देशाच्या आधी, १९६९ साली केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा जल कायदा आला १९७४ साली. त्याचं कलम २४ म्हणतं की जाणूनबुजून कुणीही घाण प्रवाहात सोडायची नाही, किंवा सोडू द्यायची नाही. "कुणीही" हा शब्द नीट बघा, त्यात कारखाना असं लिहिलेलं नाही. आणि प्रवाह म्हणजे काय, तेही त्याच कायद्यात सांगितलंय : नदी, ओढा, तलाव, अगदी जमिनीखालचं पाणीसुद्धा. ओढा वाहता असो की त्या वेळी कोरडा असो, कायद्याच्या लेखी तो प्रवाहच. "उन्हाळ्यात त्या ओढ्यात पाणीच नसतं, आपलंच सोडलेलं वाहतं," असं एका चेअरमन साहेबांनी मला समजावलं होतं. त्यांना हे वाक्य दाखवायचं राहून गेलं.

कलम २५ प्रमाणे सांडपाणी बाहेर सोडायला मंडळाची संमती लागते. बोलताना आपण त्याला कन्सेंट म्हणतो. त्या कागदावर तुमच्या पाण्याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. अलीकडच्या बहुतेक कन्सेंटमध्ये बीओडी लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं असतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. घरातून येणारं कच्चं सांडपाणी २०० ते ३०० च्या घरात असतं. म्हणजे बायपास उघडला की मर्यादेच्या वीस-तीस पट.

आणि जबाबदार कोण? कलम ४७ मध्ये कंपन्यांच्या गुन्ह्यांबद्दल लिहिलंय, पण तिथे कंपनी या शब्दात कुठलीही नोंदणीकृत संस्था आणि माणसांचा संघही धरलाय. तुमची सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. त्या वेळी कारभार ज्याच्या हाती, तो दोषी धरला जातो. मला माहीत नव्हतं, किंवा मी सगळी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. टायमरचा ठराव मिनिट्समध्ये लिहिला असेल तर "माहीत नव्हतं" कसं म्हणणार?

या कायद्यात दीड ते सहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. २०२४ च्या दुरुस्तीने कैदेच्या जागी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आणला, आणि राज्यांनी ठराव करून ती दुरुस्ती स्वीकारायची असते. हवेच्या १९८१ च्या कायद्यात आणि १९८६ च्या पर्यावरण कायद्यात असाच बदल २०२३ च्या जनविश्वास कायद्याने झाला. काही जणांनी हे वाचून सुटकेचा श्वास सोडला. मला वाईट वाटलं. तुरुंगाची भीती कुणाला घालावी असं मला वाटत नाही, पण भोपाळच्या दुर्घटनेनंतर जो पर्यावरण कायदा झाला, त्यातली कैद पुसून दंड लिहिला गेला, तर लोक त्याला खर्चाची एक बाब समजायला लागतील. दंड भरू, प्लांट बंद ठेवू. तसं होऊ देऊ नका. शिवाय कलम ३३अ अजून आहेच. त्याखाली मंडळ वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. आणि २०१३ पासून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आपल्या पुण्यातच आहे. तिथे कुणीही बाधित माणूस जाऊ शकतो, आणि ज्याने घाण केली त्यानेच भरपाई द्यायची हे तत्त्व त्या कायद्यातच लिहिलंय. तुमच्या खालच्या अंगाला राहणारा शेतकरीसुद्धा तिथे जाऊ शकतो.

नमुन्याबद्दल एक सांगतो. मंडळाचे अधिकारी नमुना घेतात तेव्हा तो तुमच्या माणसासमोर दोन भागांत करून सील करायचा असतो, दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. भेटीची कुणकुण लागली की कमिटीतून फोन येतो, "आजच्या दिवस चालू ठेव." एका दिवसात मेलेला प्लांट जिवंत होत नाही. त्या दिवशी मी काय चालू ठेवणार? नुसता आवाज.

पैशाचं बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे हे मलाही कळतं. तीनशे फ्लॅट, घरात चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरू. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं. म्हणजे रोज १ लाख ३० हजार लिटर. एवढ्या प्लांटचे ब्लोअर आणि पंप मिळून दिवसाला १५० युनिट खातात असं धरा, दहा रुपये युनिटने दीड हजार रुपये. महिन्याला ४५ हजार. फ्लॅटमागे दीडशे. आता दुसरी बाजू. त्या १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशला जातात, म्हणजे सोसायटीला रोज ५४ हजार लिटर. प्लांट नीट चालला तर हे सगळं पाणी त्यातून मिळतं. नाही चालला तर दहा हजार लिटरचे पाच-साडेपाच टँकर रोज संडासात ओतायचे. टँकर हजार रुपयांना धरला तरी महिन्याला दीड लाखाच्या वर. एप्रिल-मे मध्ये टँकर कितीला मिळतो आणि मिळतो तरी का, हे तुम्ही मला सांगा. रात्रीचे आठ तास बंद ठेवून वाचतात फार तर पंधरा हजार.

फ्लशचं पाणी पिवळं येतं, वास मारतं, म्हणून सभासद ओरडतात आणि मग तुम्ही ती लाइन टँकरच्या पाण्यावर टाकता, हेही मी पाहिलंय. तक्रार खरी असते. पण कारण बहुतेक वेळा साधं असतं. वाळूचा फिल्टर उलटा धुतलेला नसतो, कार्बन तीन-तीन वर्षं बदललेला नसतो, क्लोरीन संपलेला असतो. कार्बन बदलायचं कोटेशन दोनदा दिलं की तिसऱ्यांदा द्यायची लाज वाटते.

तुम्ही हे काम फुकट करता, नोकरी सांभाळून, शिव्या खाऊन करता, याची मला जाण आहे. मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवला तर व्हॉट्सअॅपवर काय होतं ते मी ऐकून आहे. म्हणूनच तुम्हाला लिहितोय. इमारतीत प्लांटची किल्ली तुमच्याकडे आहे.

जाळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सांडपाणी आत येतं तिथे लोखंडी जाळी असते, ती आम्ही रोज पंज्याने साफ करतो. वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर, केसांचे गुंते, टूथब्रश, थिजलेल्या तेलाचे गोळे. पाकिटावर काहीही छापलेलं असो, वाइप्स विरघळत नाहीत. ते पंपाच्या पंख्याला दोरखंडासारखे गुंडाळले जातात. पंप जळतो, आणि बिल आल्यावर विचारणा ऑपरेटरला होते. हे सगळं हाताने काढणारी पोरं वीस-बावीस वर्षांची आहेत. सभासदांना लिफ्टमध्ये एक कागद लावून एवढं तरी सांगा.

आणि टाकीत कुणाला उतरवू नका. हे मी हात जोडून लिहितो. चार वर्षांपूर्वी एका ठिकाणी पंप अडकला, रविवार होता, पाहुणे यायचे होते, आणि माझ्या पोराला सांगण्यात आलं की दोन मिनिटं उतर आणि काढ. मी तिथे होतो. मी नाही म्हणालो. आदल्या दोन रात्री ब्लोअर बंद होता, टाकीत कोणता वायू साचलाय ते मला नाकाला कळत होतं. आणि तो वायू जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो, तिथेच माणूस फसतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. पुढच्या महिन्यात ते काम माझ्याकडून गेलं. गेलं तर गेलं. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला अशा धोक्याच्या सफाईसाठी उतरवायला बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गटारात मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई द्यायला सुप्रीम कोर्टाने २०२३ साली सांगितलंय. पण तीस लाखांनी पोरगं परत येत नाही.

ज्यांचा हँडओव्हर अजून व्हायचाय त्यांनी घाईने सही करू नका. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बिल्डरने पर्यावरण मंजुरी घेतलेली असते. एसटीपी, पाण्याचा फेरवापर, सगळं त्यात अटी म्हणून लिहिलेलं असतं, आणि दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला त्या पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. ती मंजुरी, कन्सेंट, टाक्यांचे प्रत्यक्ष बांधले तसे नकाशे, यंत्रांची पुस्तकं हातात घ्या. कन्सेंट बिल्डरच्या नावावर राहिला आणि मुदत संपली, अशा तीन सोसायट्या मला माहीत आहेत. कागद मिळत नसतील तर कलम २५ मध्येच सोय आहे. मंडळाला संमतीच्या अटींचं रजिस्टर ठेवावं लागतं आणि ज्याचा संबंध येतो त्याला ते बघता येतं.

महापालिकेचं काय, नदीत थेट नाले येतात त्याचं काय, हा प्रश्न दर मीटिंगला येतो. बरोबर आहे. जपानच्या कर्जातून ११ केंद्रांचं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचं काम २०१६ साली मंजूर झालं आणि किती रेंगाळलं ते सगळ्या पुण्याने पाहिलं. ४४ किलोमीटरचा नदीकाठ सजवायचं कामही चालू आहे, आणि काठाआधी पाणी का नाही, हे मी महापालिकेला विचारणारच आहे. ते पत्र वेगळं. तुमच्या टाकीचा ब्लोअर मात्र महापालिका बंद करत नाही.

वार्षिक सभा जवळ येतेय. विषयपत्रिकेत एसटीपी हा स्वतंत्र विषय घ्या, लाइट बिलाच्या पोटात नको. महिन्याचा तपासणी अहवाल मान्यताप्राप्त लॅबमधून करून नोटीस बोर्डावर लावा. टायमर काढा. बायपासच्या व्हॉल्व्हला कुलूप घाला आणि किल्ली कमिटीकडे ठेवा, म्हणजे रात्री कुणा पोराला कुणी फोन करणार नाही.

आणि सभेच्या आदल्या रविवारी सकाळी नऊला खाली या. पोरांनाही आणा, त्यांना बघायला आवडतं. काचेचा सिलिंडर मी धुऊन ठेवतो. अर्धा तास लागेल.

आपला,
एक एसटीपी ऑपरेटर
बावधन, पुणे